दुखापत गुडघ्याला की ‘मी’ला?

॥ श्रीगुरु शरणम् ॥



बेळगाव केंद्रातून एका पालकांचा प्रश्न आला आहे. मुलगा कुस्ती करतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा बरा आहे, पण मुलगा पूर्वीचा राहिला नाही. असं का व्हावं?

खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हाच प्रश्न घेतला आहे. मनःस्थिती मोजायची ६५ शब्दांची एक प्रश्नावली १९७१ पासून वापरात आहे. तिच्यातून ताण, उदासी, राग, थकवा, गोंधळ आणि उत्साह अशा सहा गोष्टी कळतात. चांगल्या खेळाडूच्या आलेखात उत्साह तेवढा वर आणि बाकी पाच खाली असतात, म्हणून त्याला ‘हिमनग’ म्हणतात. दुखापतीनंतर हा आलेख बिघडतो, कधी पार उलटा होतो.

पण दूध किती आटलं हे सांगायला आधी किती होतं ते माहीत हवं. म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच, सगळे धडधाकट असताना, सगळ्यांना विचारून ठेवायचं. कोण पडणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं.

१९९३ साली ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक मोजपट्टी मांडली. खेळ हीच माझी ओळख आहे का, हे ती दहा विधानांतून तपासते. ज्याची ओळख खेळात जास्त गुंतलेली, तो दुखापतीनंतर जास्त उदास होतो, असं दिसून आलं. म्हणजे जखम गुडघ्याला होते आणि कळ ‘मी’ला येते.

आपण लगेच म्हणू, ही तर देहबुद्धी! पण इथे घाई नको. त्याच ओढीने तो पोरगा पहाटे चारला उठून जोर-बैठका काढत होता. ती ओढ दोष नव्हे. अंथरुणावर पडलेल्याला “तू म्हणजे देह नाहीस रे” असं ऐकवणं हे ज्ञान नाही, निष्ठुरपणा आहे. आधी त्याच्याजवळ बसावं.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली लुळे झाले. १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. पदक सगळ्यांना दिसतं, मधली सात वर्षं दिसत नाहीत. म्हणून हे उदाहरण मुलाच्या डोक्यावर हाणू नका. एवढंच घ्या, की बॉक्सर संपला तरी माणूस शिल्लक होता.

आणखी एक गोष्ट आहे. वस्तादाने विचारलं, “मन कसं आहे?” आणि खरं सांगितल्यावर संघातली जागा जाणार असेल, तर पोरगा “एकदम मस्त” असंच म्हणणार. मग मोजपट्टी कितीही चांगली असो, आकडा खोटाच येतो. गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी गुणांची सुरुवात ‘अभय’ने होते. जिथे भय आहे तिथे सत्य बाहेर येत नाही. तालमीत, घरात, आणि आपल्या सत्संगातही. इथेसुद्धा कुणी विचारलं की आपण “गुरुकृपेने सगळं छान” म्हणून मोकळे होतोच ना?

आता जरा स्वतःकडे वळू या. ‘मी रोज पहाटे दोन तास आसनावर बसणारा’, ‘मी दरवर्षी पायी वारी करणारा’ ही ओळखसुद्धा गुडघ्यांवरच उभी आहे. गुडघे गेले की खुर्चीत बसून नाम घेताना कमीपणा वाटतो. का वाटावा? नाम तर तेच आहे! म्हणजे गाठ नामाशी कमी आणि ‘बसणारा मी’शी जास्त होती. पैलवानाची गाठ लाल मातीत, आपली आसनात.

मग ओढ सोडायची का? मुळीच नाही. कुस्ती जीव ओतून खेळावी, साधना जीव ओतून करावी. फक्त जीव ओतणारा त्या भांड्याएवढाच आहे असं मानू नये.

*या आठवड्याचा अभ्यास :* सगळं ठीक आहे तोवरच एका कागदावर लिहा, “माझं कोणतं काम, कोणती ताकद गेली तर मी कुणीच उरणार नाही असं मला वाटतं?” खाली तारीख घाला. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळे खरं लिहा. आणि घरात कुणी दुखणाईत असेल तर आज औषधाची चौकशी झाल्यावर मनाचीही करा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

जय गुरुदेव.