माफी मागायची कुणाची?

इंदूरमध्ये सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीत पाणी तुंबलं, दिवे गेले, की तक्रारीसाठी 181 हा नंबर आहे, मध्य प्रदेशाची सीएम हेल्पलाइन. तक्रार तक्रारदाराच्या समाधानानं बंद व्हावी, अशी तिथली अपेक्षा. खड्ड्यापुरतं हे चालतं. माणसाचा अपमान झाला असेल, तर नेमकं काय बंद करायचं?

29 जानेवारी 2021. स्वच्छतेत तोवर सलग चार वर्षं देशात पहिल्या आलेल्या इंदूरच्या महापालिकेच्या गाडीतून बेघर म्हाताऱ्या माणसांना देवासच्या रस्त्यावर, शिप्रा गावाजवळ, ऐन थंडीत गाठोड्यांसकट उतरवलं गेलं. गावकऱ्यांनी हटकलं, व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत चढवलं. एक उपायुक्त निलंबित झाले, काही कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. दोन दिवसांनी जिल्हाधिकारी मनीष सिंह खजराना गणपतीला गेले आणि देवाची माफी मागून आले.

यावर हसणं सोपं आहे. मी हसणार नाही. चूक झाली असं चारचौघांत म्हणणारा अधिकारी विरळाच. पण गणपतीला कुणी गाडीतून उतरवलं नव्हतं. देव उलट विचारत नाही. म्हातारी विचारेल: हुकूम कुणाचा होता? मला काय समजलात? आज रात्री कुठे झोपू? माफीचा कस लागतो तो या प्रश्नांपुढे. निलंबन हा तर साहेब आणि हाताखालचे यांच्यातला मामला. त्यात म्हातारीला कुणी बोलवतही नाही.

खुर्चीला माफीची भीती असते, कारण कबुली कोर्टात अंगावर येईल. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं 2006 मध्ये कायदाच केला: माफी मागितली म्हणून दोष कबूल केला असं धरायचं नाही. आपल्याकडे असं काही हवं, असं मला वाटतं; मात्र त्याआडून भरपाई चुकवता येऊ नये.

कारण पैशाचंही मोल आहेच. इंदूरची हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा सुमारे 224 कोटींचा धनादेश निघाला 25 डिसेंबर 2023 ला, समारंभानं, पंतप्रधानांच्या ऑनलाइन उपस्थितीत. मधल्या बत्तीस वर्षांत कितीतरी कामगार वारले. त्यांच्या वाट्याचे पैसे बायकामुलांनी घेतले. हक्काचेच पैसे, तरी सोहळा देणाऱ्यांचा. इतका उशीर का झाला, हे त्या बायकांना समोर बसवून कुणी सांगायला हवं होतं. त्याला कोटी लागत नाहीत, एक दुपार लागते.