दोन दिनारांचा हिशेब

आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात एक कप असायचा. कान तुटलेला, निळ्या काठाचा. शेतावर कामाला येणाऱ्या मामांना त्याच कपातून चहा मिळायचा. आम्ही पोरं त्यांना मामाच म्हणायचो. चहा पिऊन झाला की ते कप स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. पुण्याला इंजिनीयरिंगला जाईपर्यंत मलाही वाटलं नव्हतं.

नंतर वाटायला लागलं. सुट्टीत आलो की मी आजीशी वाद घालायचो. देव मानत नसल्यामुळे माझी बाजू सोपी होती. माणसं समान आहेत, विषय संपला. आजी शांतपणे भाकरी थापत ऐकून घ्यायची. ती दुष्ट नव्हती. मामांची बायको दवाखान्यात होती तेव्हा पंधरा दिवस आमच्या घरून डबा जात होता. आणि ती वारकरी होती. श्रावणी सोमवारी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला जायची, कपर्दिकेश्वराचं दर्शन घ्यायची आणि शेजारी बाबाजी चैतन्यांच्या समाधीपुढे बराच वेळ बसायची. तुकोबांचे गुरू ते. त्यांनी स्वप्नात येऊन तुकोबांना मंत्र दिला, हे ती कालच घडल्यासारखं सांगायची. तुकोबा तोंडपाठ असलेल्या बाईच्या गोठ्यात वेगळा कप कसा, हा माझा हुकमी प्रश्न होता.

याच तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. त्या वाक्याचा माग काढत मी मराठी ख्रिस्ती साहित्याकडे वळलो. तिथे मला माझ्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं: माणूस चांगलं वागायला श्रद्धा लागते का? माझं उत्तर 'नाही' हे ठरलेलंच होतं. फक्त पुरावा गोळा करायचा होता.

आधी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' वाचली. १८५७ सालची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. वाटेत एकामागून एक विधवा भेटतात आणि प्रत्येकीची कहाणी आधीच्या कहाणीपेक्षा भीषण. पुढे विनायक जातो आणि ज्यांच्यासाठी यमुना हळहळत होती त्यांच्यातलीच ती एक होते. शेवटी ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. पण कायदा झाला म्हणून कुणाच्या घरातला न्हावी परत गेला नव्हता.

वाचताना माझी पहिली प्रतिक्रिया चिडीची होती. लेखकाला उत्तर आधीच माहीत आहे आणि सगळी पात्रं त्या उत्तराकडे हाकलली जातायत, असं वाटलं. दुःख खरं, पण ते एका निष्कर्षासाठी वापरलेलं. गोष्टीतून नीती सांगायची तर वाचकाला थोडी मोकळी जागा नको का? शेवटच्या पानावर बाप्तिस्मा ठेवला की आधीच्या सगळ्या विधवा पुराव्याच्या फायलीतले कागद होतात.

या चिडीला उत्तर मिळालं ते ख्रिस्ताच्याच एका गोष्टीत. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू व्याख्या देत नाही, गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या माणसाला लुटारू मारून टाकून देतात. याजक बघून पुढे जातो, लेवी बघून पुढे जातो. थांबतो तो शोमरोनी, ऐकणाऱ्यांच्या लेखी टाकाऊ जातीचा. आणि मग येशू प्रश्नच उलटा करून परत देतो: या तिघांत त्या माणसाचा शेजारी कोण झाला? उत्तर शास्त्र्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचं. शोमरोनी पुढे कुणाचा शिष्य झाला का, हे गोष्टीत नाही. तिला त्याची गरज पडत नाही. श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेली ही गोष्ट श्रद्धेचा दाखला मागत नाही, हे पाहून मला आनंद झाला. पुरावा मिळाला होता.

मग 'स्मृतिचित्रे' वाचलं. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचं जग एका दिवसात फाटलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नंतर नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आपल्या या हट्टावर त्या इतक्या मोकळेपणाने हसतात, की वाचणाऱ्याला त्यांचा राग येतच नाही. पुढे त्या विचार करतात, की जात देवाने केली की माणसाने, आणि जात सोडतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे नीती आधी, धर्मांतर नंतर. माझ्या बाजूने आणखी एक कागद.

टिळकांचा शेवटही मला तसाच वाटला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी 'स्मृतिचित्रे' आजीला वाचून दाखवायला घेतलं. टिळकांचा विसराळूपणा आणि विक्षिप्तपणा ऐकून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. जात सोडण्याच्या भागाशी मी मुद्दाम आवाज संथ केला. ती हसायची थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाईचं सगळं गेलं रे. माहेर गेलं, सासर गेलं, मानपान गेला. तवा कुठं तिला ते सुचलं. तुझं काय गेलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. आजीला वाद जिंकायचा नव्हता, तिने नुसतं विचारलं होतं. पण त्या रात्री माझी सगळी फाईल मला वेगळी दिसायला लागली.

पदमनजींचं उत्तर आधी ठरलेलं होतं, हे खरं. पण ते त्यांनी आयुष्य देऊन विकत घेतलं होतं. त्यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या काळी त्याचा अर्थ घर, जात, पंगत सगळ्याला मुकणं. कादंबरीचा शेवट मला चिकटवलेला वाटला, तरी लेखकासाठी तोच सर्वांत महाग भाग होता. लक्ष्मीबाईंनी जात आधी सोडली हे खरं, पण रिकाम्या खोलीत बसून नाही. त्यांच्याभोवती एक घर होतं जिथे कुणीही कधीही जेवायला येत होतं आणि त्यांना रोज ठरवावं लागत होतं. आणि शोमरोनी? त्याची श्रद्धा गोष्ट विचारत नाही, पण त्याचा खर्च बारकाईने नोंदवते. तेल, द्राक्षारस, स्वतःचं जनावर, धर्मशाळेतली रात्र, मालकाला दोन दिनार, वर आणखी खर्च झाला तर परत येताना देईन हा वायदा.

याजकालाही शेजारी कोण हे माहीत असणार. बरोबर काय हे कळायला श्रद्धा लागत नाही, यावर मी आजही ठाम आहे. पण कळलेल्या गोष्टीची किंमत मोजायला काहीतरी लागतं. पदमनजींना आणि टिळकांना ते ख्रिस्तात सापडलं. माझ्याकडे त्या जागी काय आहे, हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता. माझी समानता आजीच्या चुलीपुढे सुरू होऊन तिथेच संपत होती. गोठा वीस पावलांवर होता. इतक्या वर्षांत मी मामांशेजारी बसून एकदाही चहा प्यायलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी बसलो. स्वयंपाकघरातून एकसारखे दोन कप घेऊन गेलो. सांगायला बरं वाटेल असं काही घडलं नाही. मामा अवघडले. कप हातात धरून आधी घराच्या दाराकडे पाहत राहिले आणि चहा निवल्यावर एका घोटात संपवला. विसळायला उठले तेव्हा मी कप हातातून घेतला, तर ते आणखीच संकोचले. आजी दारात होती. ती आत गेली.

तिने त्यानंतर मला काही विचारलं नाही. मी दोन दिवसांनी पुण्याला परत आलो. या एका चहाचं जे काही बरंवाईट व्हायचं, त्याला तोंड द्यायला मामा तिथेच होते, मी नव्हतो. शोमरोन्याने परत येण्याचा वायदा केला होता, हे तेव्हा मला नीट समजलं. पहिले दोन दिनार देणं त्यामानाने सोपं असतं.

कान तुटलेला कप अजून कोनाड्यातच आहे. संक्रांतीला घरी जायचं आहे.