वसंतातला साठा आणि अस्तेयाचा प्रश्न

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, आणि त्यांत मधमाशी व मध काढून नेणारा मधुहा या दोघांनाही स्थान आहे. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या टीकेमुळे हे गुरू मराठी श्रोत्यांच्या परिचयाचे झाले. फुलाफुलातून थोडे थोडे सार घ्यावे हा मधमाशीचा एक धडा, तर साठवणारी माशी साठ्यासकट नष्ट होते, म्हणून संग्रह करू नये, हा दुसरा. मधुह्याचा धडा याच्याच पुढचा आहे, कारण लोभ्याने कष्टाने जमवलेले शेवटी दुसराच कोणी भोगतो हे त्याच्यावरून कळते. या शेवटच्या दोन धड्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते असे की पोळ्यातला मध ही माशीची मालमत्ता आहे आणि तो साठवण्यामागे तिचा लोभ आहे. वसंतात उघडलेली मधपेटी हे गृहीत टिकू देत नाही.

आग्या मधमाशीचे पोळे उंच कड्यावर किंवा झाडाच्या फांदीवर उघडेच लोंबते, आणि पूर्वी त्याच्याजवळ पोहोचण्याचा मार्ग धूर आणि जाळ हाच असल्याने माणसाला ते आतून दिसले तर उद्ध्वस्त होतानाच दिसे. सातेरी ही मधमाशी मात्र झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या कपारीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते, आणि याच सवयीमुळे तिला लाकडी पेटीत, काढता-घालता येणाऱ्या चौकटींवर वसवता येते. महाबळेश्वरच्या परिसरात जांभळाला मोहोर येतो त्या दिवसांत एखादा हौशी मधपाल अशी चौकट उचलून उन्हाकडे धरतो, तेव्हा वरच्या बाजूला मेणाने मोहरबंद केलेला मध, त्याखाली परागाचा रंगीबेरंगी पट्टा आणि मध्यभागी अंडी, अळ्या व कोष अशी रचना त्याला स्पष्ट दिसते. नुकत्याच कोषातून बाहेर आलेल्या कामकरी माश्या घरे साफ करतात, त्यांच्याहून काही दिवसांनी मोठ्या असलेल्या अळ्यांना भरवतात, आणखी मोठ्या मेण घडवतात, बाहेरून आलेला पातळ मकरंद तोंडातोंडी घेऊन त्यातले पाणी आटवतात, आणि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात फुलांवर जातात.

या अखेरच्या टप्प्याचा हिशेब तत्त्वचिंतकाने मांडायला हवा. हंगामात राबणारी कामकरी माशी साधारण सहा आठवड्यांहून जास्त जगत नाही, तर सह्याद्रीत मधाची खरी गरज आषाढ-श्रावणात पडते, कारण तेव्हा पाऊस उड्डाण थांबवतो आणि फुलोराही विरळ होतो. चैत्रात मध आणणाऱ्या माशीला तो आषाढ दिसणारच नसतो. जो मध ती बंद करून ठेवते तो तिने न पाहिलेल्या पिढीच्या मुखी जातो. याहून विलक्षण घटना वसाहत फुटण्याची. वसंतात वस्ती दाटली की नवी राणी घडवली जाते, आणि ती बाहेर येण्याच्या सुमारास जुनी राणी निम्म्याअधिक माश्यांसह भरलेले घर सोडून निघते. निघणाऱ्या माश्या काही दिवस पुरेल एवढाच मध पोटात घेतात. बांधलेली पोळी, साठा, वाढती पिल्ले हे सारे मागे राहणाऱ्यांचे होते. वानप्रस्थ म्हणजे घरदार पुढच्या पिढीच्या हाती देऊन निघणे, आणि या आश्रमाचे याहून नेमके दृश्य निसर्गात क्वचितच सापडेल.

अर्थात माशीला संत ठरवणे चुकीचेच होईल, कारण हीच नवी राणी आपल्या प्रतिस्पर्धी बहिणींना कोषातच ठार करते, आणि जिथे उलट वागण्याची मुभा नाही तिथे त्यागाला पुण्य म्हणता येत नाही. परंतु मग लोभाचा आरोपही तिच्यावर ठेवता येणार नाही. ज्या संग्रहाला भोक्ता मालक नाही त्याला परिग्रह, म्हणजे ममत्वाने धरून ठेवणे, हे नाव लागू पडत नाही.

येथे प्रश्न माशीकडून माणसाकडे वळतो. जैन परंपरेने मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधही वर्ज्य मानला, आणि अमृतचंद्राचार्यांच्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात तर पोळ्यातून आपोआप गळलेल्या मधाच्या सेवनातही हिंसा सांगितली आहे, कारण त्याच्या आश्रयाने राहणारे जीव मरतात. त्याच परंपरेच्या ‘दशवैकालिक’ सूत्रात, फुलाला पीडा न देता रस घेणारा भ्रमर हा भिक्षूचा आदर्श आहे. या दोन भूमिकांत विसंगती नाही: माशी फुलाकडून घेते ते फुलाचे नुकसान न करता, आणि माणूस माशीकडून घेत आला तो पोळे पिळून, पिल्लांसह. आजच्या मधयंत्रात चौकट फिरवून मध बाहेर काढता येतो आणि पोळे शाबूत परत बसवता येते, त्यामुळे पिल्ले चिरडण्याचा आक्षेप बराच मिटतो. मधाच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांचा आक्षेप यंत्राने मिटत नाही. अदत्तादानाचा, म्हणजे न दिलेले घेण्याचा आक्षेप तर जसाच्या तसा उरतो, कारण माशीने काही दिलेले नसते, आणि पेटी पुरवली म्हणून तिच्यातल्या मधावर भाडेकरार सिद्ध होत नाही.

मराठी समाजाजवळ या पेचासाठी एक जुना शब्द आहे, माधुकरी. अनेक घरी जाऊन प्रत्येक घरातून थोडेसेच अन्न मागण्याची ही रीत मधमाशीवरूनच नाव घेऊन आली, आणि कोणत्याही एका घराची चूल तिच्यामुळे उपाशी राहू नये ही तिची अट होती. ज्याला मधपाल व्हायचे आहे त्याने ही अट स्वतःला लावून घ्यावी: वरच्या कोठ्यातले जास्तीचे घ्यावे, पिल्लांच्या कोठ्यातल्या साठ्याला हात लावू नये, आणि पावसाळ्याचा शिधा मोजून मागे ठेवावा. एवढे केल्याने घेणे हे दान ठरत नाही, पण ते लूटही राहत नाही. सातेरीच्या बाबतीत या मोजमापाची तपासणी माणसाच्या हाती नसते. पेटीचे दार नेहमी उघडे असते, आणि उपासमार किंवा वारंवारची ढवळाढवळ झाली की संपूर्ण वसाहत एखाद्या दिवशी राणीसह उठून निघून जाते.