दोन पद्मिनी

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गल्लीत समोरासमोर दोन प्रीमियर पद्मिनी उभ्या असत. पांढरी बापूंची, निळी आक्कांची. दोन्हींचं पासिंग १९८० च्या मे महिन्यातलं. त्या काळी पैसे मोजले की मोटार दारात आली, असं नव्हतं. नंबर लावायचा आणि वाट बघायची. बापू आणि आक्कांचे यजमान जिवलग दोस्त. नंबर बरोबर लावला, गाड्याही बरोबरच आणल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातली १०८९ सीसीची गाडी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेला, नंबरप्लेटवर 'एमएच' येण्याआधीच्या काळातली तीन अक्षरं. यजमान गेले, तेव्हापासून निळी गाडी आक्काच चालवत.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यापुढे दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत न्यायची, पंचवीस नंबरचा फॉर्म भरायचा, विमा आणि पीयूसी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, चासीवरच्या आकड्यांची कागदावर पेन्सिल घासून छाप घ्यायची, आणि इन्स्पेक्टरसमोर ब्रेक, दिवे, हॉर्न सगळं चालवून दाखवायचं. गल्लीतल्या या दोन गाड्या १९९५ पासून एकापाठोपाठ एक अशाच जात आल्या होत्या. पुढची पाळी मे २०२० ची.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. आरटीओ बंद, उद्यमनगरातली गॅरेजं बंद, पेट्रोल फक्त अत्यावश्यक सेवेला. मार्च संपता संपता केंद्राने जाहीर केलं, की १ फेब्रुवारीनंतर मुदत संपलेले गाडीचे कागद ३० जूनपर्यंत चालू समजावेत. योग्यच होतं ते. साथीच्या दिवसांत आरसी बुकासाठी माणसांची रांग लावण्यात काय शहाणपण होतं?

बापूंनी ती बातमी कात्रीने कापली आणि आरसी बुकात घालून ठेवली. बोधकथेत एक शहाणा आणि एक मूर्ख लागतो म्हणतात, पण बापू मूर्ख मुळीच नव्हते. बँकेत हिशेबनीस म्हणून नोकरी केलेला, लाइटबिल तारखेआधी भरणारा माणूस. त्यांनी गाडी धुतली, पुसली, हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला, ताडपत्री घातली आणि चारही बाजूंनी दोरी बांधली.

आक्कांनी मिस्त्रीला फोन लावला. कागदांचं सांगून झाल्यावर विचारलं, आता गाडीचं काय करायचं?

"आक्का, तारीख सरकार वाढवून देईल," मिस्त्री म्हणाला. "ब्रेकच्या रबराला कोण मुदत देणार? हँडब्रेक ओढून ठिवू नका, लायनर ड्रमला धरतंय. चाकाला वीट लावा. आठवड्याला एकदा इंजिन चालू करा आणि आवारातल्या आवारात गाडी चार हात फुडं-मागं घ्या."

एवढंच. आक्का दर रविवारी सकाळी चोक ओढून गाडी चालू करत, दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवत, फाटकापर्यंत नेत आणि परत आणत. समोरच्या गॅलरीतून बापू हसत. "वहिनी, लॉकडाऊनमध्ये कुठं निघालात? कागदांना मुदत आहे की!"

"कागदांना आहे, भावजी," आक्का म्हणत.

जून संपला, मुदत सप्टेंबरअखेर गेली. मग डिसेंबरअखेर. मग मार्च २०२१, मग जून, मग सप्टेंबर. दर वेळी बापूंचं एक कात्रण वाढे. मधल्या काळात निर्बंध सैल झाले, आरटीओ थोडी थोडी उघडली, रोज मोजक्याच गाड्यांना वेळ मिळू लागली. आक्कांनी ऑनलाइन वेळ घेतली. गाडी आधी मिस्त्रीकडे नेली, तेव्हा एका चाकाचा ब्रेक सिलिंडर गळताना सापडला. म्हणजे रविवारच्या फेऱ्यांनी सगळं राखलं होतं असंही नाही. पण गळती वेळेवर दिसली. सिलिंडर बदलला आणि २०२० च्या दिवाळीनंतर निळ्या गाडीचं पासिंग झालं. सरकारी फी ६०० रुपये, पर्यावरण कर वेगळा. बापूंना बोलावलं होतं त्यांनी, दोन्ही गाड्या बरोबर नेऊ म्हणून. बापूंनी कॅलेंडर दाखवलं. अजून महिना-दीड महिना आहे, कशाला उगाच गर्दीत जायचं?

त्यांच्या बोलण्यात चूक काढता आली नसती. कायद्याने ते शंभर टक्के बरोबर होते.

जुलै २०२१ च्या मध्यावर आणखी एक बातमी आली. पन्नास वर्षांवरच्या जुन्या मोटारींसाठी केंद्राने वेगळे नियम केले. त्यांच्या पाटीवर 'व्हीए' अशी अक्षरं येणार, नोंदणी दहा वर्षांची. बापू हरखून समोर आले. "वहिनी, आपल्या गाड्या व्हिंटेज झाल्या! आता ते पासिंगबिसिंग विसरा."

आक्कांनी बातमी शेवटपर्यंत वाचली. "भावजी, पन्नास भरायला २०३० उजाडायला पाहिजे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. आणि त्या पाटीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही म्हणे. मी भाजी कशातनं आणू?"



पुढच्याच आठवड्यात पाऊस सुटला. कोल्हापूरकराला अशा दिवसांत घड्याळ लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी किती फूट झाली यावरच त्याचा दिवस चालतो. एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. २०१९ ला याच गल्लीत पाणी शिरलं होतं. तेव्हा दोन्ही पद्मिनी आदल्या रात्रीच टेंबलाईच्या चढावर नेऊन लावल्या होत्या आणि दोन्ही वाचल्या होत्या. आताही पातळी एकोणचाळीस ओलांडून त्रेचाळीसकडे चालल्याचं कळलं, तशा आक्का उठल्या. वीट काढली, चोक ओढला, इंजिन लागलं. मागच्या सीटवर दोन ट्रंका आणि शेजारची म्हातारी घेऊन त्या निघाल्या.

बापूंनी ताडपत्री सोडली. किल्ली फिरवली, नुसती टिक झाली. बॅटरी कधीच उतरली होती. गल्लीतली पोरं धावली. "आजोबा, ढकलून काढतो." सहा जणांनी रेटा दिला, गाडी हलली नाही. हँडब्रेक खाली केला, तरी मागची दोन्ही चाकं जाम. सोळा महिन्यांत लायनर ड्रमला धरून बसलं होतं, मिस्त्रीने फोनवर सांगितलं होतं अगदी तसंच. बॅटरी नसली तरी गाडी ढकलता येते. चाकच फिरत नसेल तर ती ओढायला क्रेन पाहिजे, आणि त्या रात्री क्रेन कोण देणार? कुणी जॅक आणला, कुणी हातोडी. पाणी घोट्याला लागलं तसं पोरांनी बापूंनाच हाताला धरून बाहेर काढलं.

पाणी उतरल्यावर गाडी दिसली ती दाराच्या काचेपर्यंत चिखलाने भरलेली. डॅशबोर्डच्या कप्प्यात आरसी बुक आणि कात्रणांचा लगदा झाला होता. गंमत अशी, की त्या दिवशीही बापूंच्या गाडीचे कागद ३० सप्टेंबरपर्यंत पूर्णपणे वैध होते. कुठल्याही पोलिसाने अडवलं असतं तरी दंड झाला नसता.

मिस्त्रीने इंजिन खोललं. सीट, वायरिंग, ब्रेक सगळं नव्याने. काही पार्ट पुण्याहून आले, काही मुंबईच्या जुन्या बाजारातून. तोवर सरकारने शेवटची मुदत दिली, ३१ ऑक्टोबर २०२१. तीही गेली, गाडी अजून गॅरेजात स्टँडवर होती. नवं आरसी बुक काढण्यात आणखी महिने गेले. पांढरी पद्मिनी आरटीओच्या मैदानात उभी राहिली, तेव्हा एप्रिल २०२२ उजाडला होता, आणि १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५००० झाली होती. उशिराचे महिन्याला ५०० रुपये निराळे.

आक्का सोबत आल्या होत्या. इन्स्पेक्टरने ब्रेक मारायला सांगितलं, गाडी जागच्या जागी थांबली. बापू पावती घेऊन आले आणि झाडाखाली बसून पाठीमागे पेनाने आकडे मांडू लागले. जुनी सवय. फी, दंड, इंजिन, वायरिंग, सीट. बेरीज झाल्यावर त्यांनी आक्कांना विचारलं, "वहिनी, तुमच्या त्या ब्रेक सिलिंडरला किती पडले होते हो?"