पॅक घेण्याआधी

चि. सईस,


तुझा मेसेज वाचला. वाढदिवसाचे पैसे जमले आहेत, 'द सिम्स ४' लॅपटॉपवर उतरवून झाला आहे आणि आता कुठले पॅक, म्हणजे खेळात भर घालणारे विकतचे संच, घेऊ असं विचारते आहेस. थोडक्यात उत्तर हवं असेल तर सध्या एकही घेऊ नकोस. पण एवढ्याने तुझं समाधान व्हायचं नाही, आणि माझंही होणार नाही. तुझ्याएवढी होते तेव्हापासून मी हा खेळ खेळते आहे, चारही भाग खेळले आहेत. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी हा खेळ सुचला कसा ते ऐक. १९९१ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात ओकलंड आणि बर्कलीच्या टेकड्यांवर भयंकर वणवा पेटला. हजारो घरं गेली. त्यात विल राइट यांचंही घर होतं. शहर वसवण्याचा 'सिमसिटी' हा खेळ त्यांनी त्याआधीच केलेला होता. सगळा संसार पुन्हा उभा करायचा म्हणजे एकेक वस्तू नव्याने आणायची, आणि आणताना दर वेळी विचार करायचा, ही आपल्याला खरंच लागते का? ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या लेखनाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. त्यातून घरं बांधण्याचा एक खेळ त्यांच्या मनात आकार घेऊ लागला. त्यात छोटी माणसं असणार होती, पण घर राहायला सोयीचं झालंय की नाही, एवढंच सांगण्यापुरती. प्रत्यक्षात त्या माणसांकडे बघण्यातच जास्त गंमत आहे हे लक्षात आलं आणि खेळाचं केंद्रच बदललं. त्यांच्या कंपनीत मात्र या 'बाहुलीच्या घरा'वर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. फेब्रुवारी २००० मध्ये तो बाजारात आला आणि २००२ पर्यंत 'मिस्ट'ला मागे टाकून संगणकावरचा तोवरचा सर्वाधिक खपाचा खेळ ठरला.

आता त्याच्या पोटातली यंत्रणा. आपल्याला वाटतं, भूक लागली म्हणून सिम, म्हणजे खेळातला माणूस, फ्रीजकडे जातो. तसं नाही. अक्कल बरीचशी वस्तूंमध्ये भरलेली आहे. फ्रीज सतत जाहीर करत असतो की इथे भूक भागेल, पलंग सांगत असतो की इथे थकवा जाईल, टीव्ही करमणुकीचं आमिष दाखवतो. सिम आपल्या गरजा बघतो आणि त्या क्षणी ज्या वस्तूची हाक सगळ्यात मोलाची वाटते तिकडे वळतो. ती वस्तू कशी वापरायची, हात कुठे ठेवायचा, किती वेळ बसायचं, हेही वस्तूच त्याला सांगते. म्हणजे उद्या नवी वस्तू आणून ठेवली तर सिमला काही शिकवावं लागत नाही.

फार सुंदर कल्पना आहे ही. पण सगळा बाजारही हिच्यातूनच उभा राहिला. वस्तू स्वतःचं वागणं बरोबर घेऊन येते, म्हणून खेळ तुकड्यातुकड्यांनी वाढवता येतो आणि विकताही येतो. पहिल्या भागाला सात मोठे पॅक होते, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला अकरा. चौथ्याचे मोठे पॅक पंधरापेक्षा जास्त झाले आहेत. छोटे वेगळे, आणि २०२१ पासून आलेली किट्स आणखी वेगळी. मूळ खेळ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, म्हणूनच तुझ्यापर्यंत तो इतक्या सहज पोचला. पैसे पुढे लागतात. म्हणून प्रत्येक पॅकला एकच प्रश्न विचारायचा. यातून माझ्या सिम्सच्या आयुष्यात काही घडणार आहे, की फक्त घर भरणार आहे?

या प्रश्नावर सगळे भाग घासून पाहिले तर माझ्या लेखी सप्टेंबर २००४ मध्ये आलेला दुसरा भाग सर्वश्रेष्ठ आहे. पहिल्या भागात मुलं कधी मोठीच होत नव्हती. दुसऱ्यात माणूस जन्मतो, रांगतो, शाळेत जातो, म्हातारा होतो, मरतो. आईबापांचे नाकडोळे पोरांत उतरतात. प्रत्येकाला इच्छा असतात आणि भीतीही असते. आणि प्रत्येकाला स्मृती असतात. पहिलं चुंबन, गेलेली नोकरी, मेलेला बाप, सगळं त्याच्या नावावर जमा होत जातं.

प्लेझंटव्ह्यू हे त्यातलं पहिलं गाव. ब्रँडी ब्रोक नावाची विधवा दोन मुलांना घेऊन तिथे राहते, पोटात तिसरं आहे, नवरा पोहण्याच्या तलावात बुडून गेला आहे. शेजारी प्लेझंट कुटुंबात जुळ्या बहिणी आहेत. एक आईबापांची लाडकी, दुसरी दुर्लक्षित, आणि बाप घरकाम करणाऱ्या बाईत गुंतलेला. मॉर्टिमर गॉथची बायको बेला नाहीशी झाली आहे. त्याच्या मुलीचं, कॅसँड्राचं लग्न ज्या डॉन लोथारिओशी ठरलंय त्याला लग्नाचीच धास्ती आहे. यातलं बरंचसं तुला कुणी सरळ सांगत नाही. एकेकाच्या स्मृती उघडायच्या, भिंतीवरचे फोटो बघायचे, आल्बम चाळायचे आणि धागे आपले आपण जुळवायचे. पुढे स्ट्रेंजटाउन या दुसऱ्याच गावात हुबेहूब बेलासारखी बाई दिसते आणि ती या कुटुंबातल्या कुणालाही ओळखत नाही, तेव्हा काळजात चर्र होतं. विशेष म्हणजे, समाधानाने जगलेल्या सिमला म्हातारपणही जास्त दिवसांचं मिळतं. आयुष्य कसं गेलं याला तिथे किंमत आहे.

तिसऱ्याबद्दल थोडंच लिहिते. २००९ मध्ये तो आला तो अख्खं गाव खुलं करून. घरातून निघायचं आणि मध्ये कुठेही न थांबता बागेत, बाजारात, शेजाऱ्याकडे जायचं. आपलं लक्ष नसतानाही गावातले लोक लग्नं करतात, नोकऱ्या बदलतात. संगणकाला मात्र तो फार जड जातो, तुझ्या लॅपटॉपवर नीट चालायचा नाही.

चौथा भाग तुझ्या हातात आहे. २०१४ मध्ये आला तेव्हा त्यात पोहण्याचे तलाव नव्हते आणि रांगणारी मुलंही नव्हती. तलाव त्याच वर्षी आले, रांगणारी मुलं यायला जानेवारी २०१७ उजाडलं, आणि तान्ह्या बाळांना नीट हातापायांचं आयुष्य मिळालं ते २०२३ मध्ये. खुलं गाव तर गेलंच. चेहरा घडवण्याची आणि घर बांधण्याची सोय मात्र इतकी उत्तम आधी कधीच नव्हती, हे मी मनापासून सांगते. २०२० मध्ये सिम्सच्या मनात एकमेकांबद्दलचा आकस आणि जिव्हाळा टिकून राहील अशी व्यवस्थाही आली. तरी दुसऱ्या भागातली ती खोल स्मृती इथे जाणवत नाही. ती उणीव आपल्या खेळण्याने भरून काढावी लागते, आणि ती भरता येते.

कशी, ते सांगते. एकच कुटुंब घे. फार तर दोन माणसं. सुरुवातीला एकट्या माणसाला वीस हजार सिमोलियन, म्हणजे खेळातले पैसे, मिळतात, दुसऱ्यामुळे थोडे वाढतात. तेवढ्यातच घर बसव. 'मदरलोड' टाइप केलं की पन्नास हजार मिळतात, हे तुझ्या मैत्रिणींनी तुला सांगितलं असणारच. घर बांधायचा सराव करायचा असेल तर वेगळ्या सेव्हमध्ये खुशाल वापर. या कुटुंबात नको. खेळातलं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजे सिमचा अख्खा दिवस आपल्या चोवीस मिनिटांत संपतो. त्यात नोकरी, आंघोळ, जेवण, झोप, मित्र, सगळं बसवायचं. ते बसत नाही. मग काय सोडायचं हे ठरवावं लागतं आणि गोष्ट तिथूनच सुरू होते. पैशांचा पाऊस पडला की साफसफाई करणाराही आला, आणि तुझ्या सिमला कशाची निवड करायचं कारणच उरत नाही.

दुसरं, त्यांना त्यांच्या मनाने वागू दे. ऑप्शन्समध्ये ऑटॉनॉमी पूर्ण चालू ठेव आणि क्षणोक्षणी हुकूम देऊ नकोस. १९९९ मध्ये ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात पहिला भाग लोकांना दाखवत होते. लग्नाचा प्रसंग होता. सगळ्या पाहुण्यांच्या हालचाली ठरवून द्यायला वेळ मिळाला नव्हता. त्यातल्या दोघी बायका आपल्या आपणच जवळ आल्या आणि त्यांनी एकमेकींचं चुंबन घेतलं. ते कुणीही योजलेलं नव्हतं, आणि प्रदर्शनात बोलबाला झाला तो त्याचाच. तुझी सून ऐन पाहुण्यांसमोर सासऱ्याशी भांडली तर भांडू दे. लगेच जुना सेव्ह लोड करून ते भांडण पुसू नकोस. चार दिवसांनी ती दोघं एका टेबलावर जेवताना दिसतील, आणि त्या जेवणाला काही अर्थ असेल.

तिसरं जरा अवघड आहे. वय वाढणं बंद करू नकोस. तसा पर्याय आहे, आणि आवडत्या सिमचे केस पांढरे झाले की तुझा हात तिकडे जाणारच. जाऊ देऊ नकोस. आजी गेली की नातवाच्या मनावर दुःखाचं सावट राहतं, कामावर त्याचं लक्ष लागत नाही. आणि मग एखाद्या रात्री आजी भूत होऊन स्वयंपाकघरात येते. चौथ्या भागात मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट हीच आहे. पिढी संपू दिली तरच ती अनुभवाला येते. जुने खेळाडू 'लेगसी चॅलेंज' खेळतात. एकाच जमिनीवर, एकाच घराण्याच्या दहा पिढ्या. दहा जमल्या नाहीत तरी चालेल, तीन तरी कर.

हे सगळं करून झालं, तिसरी पिढी शाळेत जायला लागली आणि तरी पैसे खर्च करावेसे वाटले, तर एकच पॅक घे, 'सीझन्स'. ऋतू येतात, पाऊस पडतो, आणि मुख्य म्हणजे सण स्वतः तयार करता येतात. नाव आपण द्यायचं, घर सजवायचं, पाहुणे बोलवायचे, मोठं जेवण करायचं, या प्रथा आपण निवडायच्या, शाळेला नि कामाला सुट्टी द्यायची की नाही तेही आपणच ठरवायचं. तिथे गणेशोत्सव सुरू कर. आजोबांनी सुरू केलेला सण नातू करतो आहे, हे बघण्यासाठी मी या पॅकचे पैसे आनंदाने दिले. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेलं कपड्यांचं एक किटही आहे, २०२१ चं. आपल्याकडचे कपडे तिथे बघून मला खूप बरं वाटलं, तुलाही वाटेल. पण ते कपाटात जातं. 'सीझन्स' वर्षाला वळण लावतं. आधी कुठलं घ्यायचं हे त्यावरून ठरव.

उरलेल्या पैशांत दुसरा भाग घे. 'द सिम्स'च्या पंचविसाव्या वर्षानिमित्त जानेवारी २०२५ मध्ये तो बहुतेक सगळ्या पॅकसकट आताच्या संगणकांसाठी पुन्हा विक्रीला आला आहे. चित्रं जुनी वाटतील, चेहरे ओबडधोबड वाटतील. प्लेझंटव्ह्यूत आधी ब्रँडीचंच घर उघड, गॉथ मंडळींकडे नंतर जा.

आणि एक काम आजच कर. खेळाचं अपडेट आलं की कधीकधी जुने सेव्ह बिघडतात, मॉड, म्हणजे इतर खेळाडूंनी केलेल्या जोडण्या, टाकले असतील तर जास्तच. डॉक्युमेंट्समध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, त्यात द सिम्स ४, त्यात 'सेव्हज' नावाचा फोल्डर आहे. प्रत्येक अपडेटच्या आधी तो पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेव. घरात एखादा रिकामा असेल, नसेल तर मला सांग, मी पाठवते.

तुझी,
मावशी