धीर धरणे आणि धीर देणे

गणरायाला आपण विघ्नहर्ता म्हणतो. उत्सवात आरतीला हात जोडून उभ्या असलेल्या प्रत्येक आईवडिलांचे एक मागणे असतेच : "बाप्पा, माझ्या मुलांच्या वाटेतली विघ्ने दूर कर." मागणे साहजिक आहे. पण सगळीच विघ्ने दूर झाली, तर त्यांना तोंड द्यायला मुले शिकणार कधी?

इथल्या शाळांत 'रेझिलियन्स' हा शब्द वारंवार कानावर पडतो. त्यासाठी 'लवचिकता', 'चिवटपणा' असे मराठी शब्द सुचतात. मला मात्र आपला साधा 'धीर' जवळचा वाटतो. धीर धरता येतो, कधी तो सुटतो, खचतो. आणि मुख्य म्हणजे तो दुसऱ्याला देताही येतो.

अमेरिकेतील अनेक सरकारी शाळांत चौथी-पाचवीच्या सुमारास मुलांना बँडसाठी वाद्य निवडता येते. कुणी क्लॅरिनेट घेते, कुणी ट्रॉम्बोन. पहिले काही महिने घरात जे सूर उमटतात, ते ऐकून घरचेही हैराण होतात! पण चांगल्या वर्गात कुणी कुणाला हसत नाही, कारण सगळेच नवशिके. क्लॅरिनेट मध्येच किंचाळले, तर शिक्षक पुन्हा त्याच ओळीपासून सुरुवात करायला लावतात. यांतली बहुतेक मुले पुढे वादक होत नाहीत. पण एखादी गोष्ट चारचौघांत चुकली तरी पुन्हा करून पाहता येते, हे त्यांना उमगते. गणितात आणि स्पेलिंगमध्ये नेहमी पहिल्या येणाऱ्या मुलाला तर हा अनुभव अधिकच हवा. "कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग काय?" हा प्रश्न तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा.

"आम्हाला कुठे कुणी आधार दिला? दोन बॅगा घेऊन आलो आणि उभे राहिलो," असे आपल्यातले काही जण म्हणतात. त्यांचे कष्ट खरेच. पण जरा आठवून पाहावे. विमानतळावर न्यायला विद्यार्थी संघटनेतला एखादा अनोळखी मुलगा आला असेल, पहिली रात्र कुणाच्या तरी सोफ्यावर गेली असेल, पहिला किराणा आणायला कुणीतरी आपल्या जुन्या गाडीतून नेले असेल. परीक्षा ज्याची त्याने दिली. धीर इतरांनी दिला.

अभ्यासकांनाही हेच आढळले. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी पुढे अनेक वर्षे, मुले चाळिशीची होईपर्यंत, मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, आईवडिलांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांना लहानपणी निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस लाभले होते. कधी आजी-आजोबा, कधी शिक्षक, कधी शेजारी.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाचा धीर खचला, तेव्हा भगवंतांनी त्याचे धनुष्य स्वतः उचलले नाही. पण ते रथावरून उतरलेही नाहीत. त्यांनी त्याचे सगळे म्हणणे ऐकून घेतले, प्रसंगी कठोर बोलले आणि शेवटी निर्णय त्याच्यावरच सोपवला. मुलाचा प्रोजेक्ट रात्री जागून आपणच पुरा करणे, म्हणजे धनुष्य हाती घेणे. "तुझे तू बघ" म्हणणे, म्हणजे रथावरून उतरणे. पालकांनी आणि शिक्षकांनी करायचे सारथ्य या दोहोंच्या मधले आहे, आणि म्हणूनच ते अवघड आहे.

शाळेकडून ही अपेक्षा ठेवताना आपल्या मंडळाकडेही पाहावे. उत्सवात मुले नाटुकले सादर करतात. 'ळ' चुकतो, वाक्य अडखळते आणि सभागृहात हशा पिकतो. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण शाळेत बिनधास्त ट्रॉम्बोन वाजवणारे तेच मूल पुढच्या वर्षी "मला मराठी नाटक नको" म्हणते, आणि त्याबरोबर भाषाही थोडी दूर जाते. यंदा कुणी अडखळले, तर क्षणभर थांबू या आणि वाक्य पुरे झाले की भरभरून टाळ्या वाजवू या. विघ्ने बाप्पा पाहून घेईल. धीर देण्याचे काम त्याने आपल्याकडे सोपवले आहे.

गणपती बाप्पा मोरया!