वाजवू द्या त्यांना

गेल्या दिवाळीच्या पहाटेची गोष्ट. अभ्यंगस्नान आटोपून मी ओसरीवर बसलो होतो. अंगाला उटण्याचा वास होता, दारात पणत्या तेवत होत्या. एवढ्यात नातू मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, तुमचा मूड कसा आहे? त्याप्रमाणे गाणी लावतो."

त्या यंत्रात म्हणे आनंदी माणसासाठी वेगळी, उदास माणसासाठी वेगळी, ज्याला झोप येत नाही त्याच्यासाठी वेगळी, अशा गाण्यांच्या याद्या तयारच असतात. वैद्याने नाडी पाहावी आणि पुडी बांधून द्यावी, तसाच हा प्रकार! मला काही उत्तर सुचेना. आपला मूड कसा आहे हे भल्या पहाटे विचारल्याबरोबर सांगू शकणारी माणसे भाग्यवानच म्हटली पाहिजेत. मी म्हणालो, "फराळ तर होऊ दे, मग सांगतो." फराळ झाला, नातू फटाक्यांमागे पळाला, त्याचा प्रश्न मात्र माझ्यापाशीच बसून राहिला. मनासारखे गाणे निवडावे, की गाण्यासारखे मन होऊ द्यावे?

मनाचा रंग गाण्याला चढतो, हे तर खरेच आहे. आमचे धरणगाव हे बालकवींचे जन्मगाव. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १८९० साली येथे जन्मले आणि १९१८ साली जळगावजवळच्या भादली स्टेशनात आगगाडीखाली सापडून गेले. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची आनंदाची कविता आम्ही शाळेत हात हलवीत, तालावर म्हणत असू. त्या वयात तिच्यात निव्वळ सुटीचा आनंद होता. पुढे त्यांचा 'पारवा' वाचला, आणि मग शाळेच्या खिडकीतून तीच आनंदाची कविता कानी आली की घशाशी काहीतरी दाटून येई. कवितेतले एक अक्षरही बदलले नव्हते. ऐकणारा बदलला होता.

परंतु ऐकणारा बदलतो एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तो मला प्रथम पडला तो एका वैशाखात, पन्नासएक वर्षांपूर्वी.

आमचे थोरले काका, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, ते नुकतेच गेले होते. आठवा दिवस होता. घरात सुतक. ओसरीवर भेटायला आलेली माणसे, आणि कुणालाच बोलायला काही उरलेले नाही. तशात दुपार कलल्यावर गल्लीच्या तोंडाशी बँड वाजू लागला. लग्नाचे दिवस होते. कुणाचा तरी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. त्या वेळी गाजत असलेल्या कुठल्याशा सिनेमातले गाणे क्लॅरिनेटवर चालले होते. मला त्याचा असा संताप आला म्हणून सांगू! जणू ते सारे मुद्दाम आम्हांला हिणवायलाच आले होते.

आमच्या घराच्या अलीकडे दहा-बारा पावलांवर बँड एकाएकी थांबला. आपल्याकडे ही रीत आहे. दुखवट्याच्या घरावरून जाताना वाजंत्री वाजत नाही. क्लॅरिनेटवाल्याने वाद्य काखेत धरले, ताशेवाल्याने काड्या कमरेला खोचल्या, घोड्यावरच्या नवरदेवाने मान खाली घातली, आणि सारी मिरवणूक पावले न वाजवता पुढे सरकू लागली.

काकू आत माजघरात होती. समोर सूप होते आणि ती गहू निवडीत होती. घरातल्या बायका नको म्हणत होत्या, तरी हात रिकामा राहिला की जीव कासावीस होतो म्हणून तिने ते सूप ओढून घेतले होते. तिने विचारले, "वाजवायचं का थांबलं रे?"

मी कारण सांगितले.

ती म्हणाली, "त्या पोराचं लग्न एकदाच आहे. वाजवू द्या त्यांना."

मी बाहेर जाऊन निरोप सांगितला. कुणाचा विश्वास बसेना. नवरदेवाच्या वडिलांनी फेटा सावरीत हात जोडले. मग बँडने तेच गाणे, जिथे तुटले होते तिथूनच, पुन्हा सुरू केले. मी दाराशी दात आवळून उभा होतो. काकूचा गव्हातला हात थांबला होता.

मिरवणूक दूर गेली. मला वाटले, आता काकूचा बांध फुटणार. ती सूप पुढे ओढीत एवढेच म्हणाली, "ताशा झकास होता. क्लॅरिनेटवाला नवखा आहे. वरचा सूर त्याला पेलत नाही."

तेव्हा मला हे बोलणे विचित्र वाटले, थोडे कठोरही वाटले. आज वाटते, त्या दिवशी घरात गाणे ऐकले ते एकट्या काकूने. मी फक्त माझा संताप ऐकत होतो. तिचे दुःख माझ्याहून कितीतरी मोठे होते, पण त्या चार-पाच मिनिटांत तिने आपल्या दुःखाला बाजूला सरकून बसायला सांगितले, आणि त्या जागेवर एका परक्या मुलाच्या आनंदाला बसू दिले.

सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली. नाट्यरसाच्या आड येणारी सात विघ्ने त्यांनी त्या टीकेत सांगितली आहेत. त्यांतले एक असे, की प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुरफटलेला असतो. आणि त्या विघ्नावर उपाय म्हणून त्यांनी जी साधने सांगितली, त्यांत वाद्ये आणि गायन यांचा उल्लेख आहे. म्हणजे पाहा, आमच्या यंत्राने मनाची गाठ आणखी आवळण्यासाठी जे वापरायला काढले आहे, तेच त्या पंडिताने गाठ सैल करण्यासाठी सांगितले होते! रसिकाला आमच्या शास्त्रात 'सहृदय' म्हणतात, तेही उगाच नव्हे.

यावर कुणी म्हणेल, दुःखात दुःखाचे गाणे आठवू नये काय? जरूर आठवावे. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर बसतात आणि सासरच्या जाचाची गाणी मोकळ्या गळ्याने गातात. ऐन तिशीत वैधव्य आलेल्या बहिणाबाईंनी जात्यावर आणि शेतात जी गाणी रचली, ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा सारा महाराष्ट्र चकित झाला. त्या स्वतः आदल्याच वर्षी गेल्या होत्या. पण झोक्यावरची पोर एकटी गात नाही. तिच्या ओळीला दुसरीची ओळ मिळते, आणि माझे म्हणून जे दुःख निघाले ते चौघींचे होऊन परत येते. जात्यावरच्या ओवीतही 'मी' फार वेळ एकटी राहत नाही. दुःखाला सोबत हवी, हे खरे. मात्र सदासर्वदा आपल्याच मनासारखे बोलणारी सोबत ही सोबत नव्हे. तो होयबा झाला.

जुन्या मैफलीत श्रोत्याचा मूड कुणी विचारीत नसे. यमन ऐकायचा तर दिवेलागणीनंतर यावे, मालकंस ऐकायचा तर रात्र चढेपर्यंत बसावे, आणि भैरवीसाठी मैफल संपेपर्यंत थांबावे. राग आपल्या दारी येत नसे, आपणच त्याच्या वेळेला हजर राहायचे. गैरसोय होती खरी, पण त्या गैरसोयीत कानाला एक वळण लागे. आज एखादे गाणे मनाला रुचले नाही तर बोटाच्या एका टोकाने ते पुढे ढकलता येते. मला भीती वाटते ती गाण्याची नाही. ज्या कानाला नावडते गाणे अर्धा मिनिट ऐकवत नाही, त्याच कानाने उद्या शेजारच्या घरातले रडणे ऐकायचे आहे, आणि शेजारच्या घरातले हसणेही. हे दुसरे कधी कधी अधिक कठीण असते.

आणखी एक सांगायचे राहिले. काकूचे उदाहरण देऊन कुणी दुखवट्याच्या दारात ढोल बडवू लागले, तर ते मला मुळीच मान्य नाही. थांबणे हा त्या बँडवाल्यांचा धर्म होता. 'वाजवा' म्हणणे हा काकूचा अधिकार होता. ते थांबले नसते, तर तिला ते औदार्य दाखवायला जागाच राहिली नसती. दोन्ही बाजूंनी एकमेकांचे मन ऐकले, म्हणून ते गाणे त्या गल्लीतून सुरळीत गेले.

यंदाही दिवाळी आली आहे. कुठल्या गल्लीत एखादे घर असे असेलच, जिथे यंदा कढई चढलेली नाही आणि शेजाऱ्यांनी आणून दिलेला फराळ झाकून ठेवलेला आहे. त्या घरावरून जाताना आपला आवाज जरा उतरावा. आणि त्या घरातून कुणी 'वाजवू द्या' म्हणालेच, तर मात्र चांगले सुरात वाजवावे. आत ऐकणारे असते.

नातू परवा पुन्हा विचारायला आला. मी म्हटले, "तुला आवडतं ते लाव बाबा. मूडचं मी बघतो."

त्याने जे लावले, त्याला गाणे म्हणावे की नाही याचा मला अजून निर्णय करता आलेला नाही. पण पूर्ण ऐकले. ताल झकास होता.